राजा तोच, संस्कृती नवी
‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेचा सातवा भाग फेब्रुवारी 2025 मध्ये आला आणि मुरलेले खेळाडूही पहिल्याच डावात थबकले. सिड मायर यांचा मूळ खेळ 1991 चा. त्यात एकच संस्कृती इसवी सनपूर्व 4000 पासून थेट अवकाशयुगापर्यंत न्यायची असे. आता डावाची तीन युगे पडली आहेत. दर युगाला संस्कृती नव्याने निवडायची, राजा मात्र तोच. सम्राट अशोक मौर्यांपासून आरंभ करून पुढे चोळांची जहाजे समुद्रात लोटू शकतो, शेवटच्या युगात मुघलांचा कारभारही हाकू शकतो. इतिहास असाच थरावर थर चढत घडतो, म्हणून ही कल्पना मनापासून पटते. नकाशावर राबणारे कामगार आता नाहीत: लोकसंख्या वाढली की खेळाडूने षटकोनी घर निवडायचे, तिथे शेत किंवा खाण आपोआप उभी राहते. राजधानीनंतरची प्रत्येक वस्ती आधी लहान गाव असते आणि तिचे उत्पादन सोन्याच्या रूपाने तिजोरीत पडते. पुरेसे सोने मोजले की त्या गावाचे शहर होते. खटकते ते युगांतर. सुरुवातीच्या आवृत्तीत युग संपताच चालू युद्धे अर्ध्यावर थांबत आणि ऐन रंगात आलेला डाव मोडे. तरी नवख्यांनी प्राचीन युग एकदा पूर्ण खेळून पाहावेच.