ट्राम गेली, किनारा कुठे गेला?

‘दादर टी. टी.’ यातल्या ‘टी. टी.’चा अर्थ काय? आमच्या वर्गात दहा-बारा जणींना मी हा प्रश्न विचारून पाहिला. एकीला रेल्वेचा तिकीट तपासनीस आठवला, दुसरीने कोणा पारशी गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे असावीत असे ठोकून दिले, आणि बाकीच्यांनी ‘हिला हे नसते उद्योग कोणी सांगितले?’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. अर्थ अगदी साधा आहे : ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम दादरला आली आणि मुंबईतली ट्राम कायमची बंद झाली. त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. रूळ गेले, डबे गेले, घंटा गेली. पण बसमध्ये ‘टी. टी.’ म्हटले की कंडक्टर मुकाट्याने तिकीट फाडतो.

हा अर्थ मला ग्रंथालयात नव्हे, घरात समजला. माझे आजोबा १९६१ साली हर्णै बंदरातून बोटीने मुंबईस आले. वय वर्षे सतरा. भाऊच्या धक्क्यावर उतरले, डोक्यावर ट्रंक घेऊन चालत ट्रामच्या रस्त्यापर्यंत गेले आणि ट्रामने लालबागला नातेवाइकांच्या खोलीवर पोहोचले. पुढे गिरणीत लागले. रविवारी सुट्टी मिळाली की दोघे-तिघे मित्र ट्रामने बोरीबंदर गाठायचे आणि तेथून चालत मरीन ड्राइव्हवर समुद्र पाहायला जायचे. “पाय दमले की ट्राम, आणि आणे संपले की पाय,” असे ते अजून म्हणतात. समुद्रकाठच्या गावातून आलेल्या पोराला या अफाट शहरात ओळखीचे असे एकच काही होते, ते म्हणजे समुद्र. आणि तिथपर्यंत पोहोचणे त्याच्या खिशाला परवडत होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या एका मैत्रिणीने ठरवले की आजोबांच्या पद्धतीने मुंबईचा किनारा पाहावयाचा. ट्राम नाही म्हणून तिच्या जागी बेस्टची बस. बाकी सर्व पायी. टॅक्सी नाही, कोणाची मोटारसायकल नाही. असे तीन रविवार आम्ही चाललो. त्या तीन रविवारांतून माझे जे मत बनले, ते येथे मांडावयाचे आहे. ते असे, की शहराचा किनारा कोणाचा, हे कायद्याच्या पुस्तकात पाहू नये. ज्याच्याजवळ दोन पाय आणि बसच्या तिकिटापुरते पैसे एवढेच आहे, तो त्या किनाऱ्यावर कुठवर जाऊ शकतो, हे पाहावे.

पहिल्या रविवारी आम्ही कुलाब्याच्या ससून डॉकपासून आरंभ केला. १८७५ साली सुरू झालेल्या या गोदीत पहाटे मासळीचा लिलाव चालू होता. टोपल्या, बर्फ, ओरडा, आणि एका बाजूला ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका. तेथून चालत गेटवेला आलो. पण त्यापुढे काठाकाठाने जाता येत नाही, कारण नौदलाची हद्द सुरू होते. संरक्षणाची गोष्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मग बस पकडून आम्ही मुद्दाम पायधुणीला गेलो.

पायधुणीला समुद्र नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच. परंतु मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी प्रथम धावली, ती कुलाब्याहून पायधुणीस आणि बोरीबंदरहून पायधुणीस. ती विजेवर चालू लागली ७ मे १९०७ पासून. आणि ‘पायधुणी’ हे नाव का? मुंबई सात बेटांची होती, तेव्हा बेटांमधली खाडी ओलांडून आलेले लोक येथे पाय धूत असत, असे सांगतात. म्हणजे ज्या ठिकाणी एके काळी पावलांना खारे पाणी लागत होते, तेथे भर पडली, वस्ती झाली आणि ट्रामचे रूळ आले. आज तेथे भर दुपारी हातगाड्यांच्या गर्दीत उभे राहून समुद्राची कल्पनाही करता येत नाही. समुद्र गेला, नाव राहिले.

तेव्हा समुद्रात भर घालणे मुंबईला नवे नाही. हे शहरच भरावावर उभे आहे. कुलाब्याचा कॉजवे भराव घालून झाला. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खिंड अठराव्या शतकात बांध घालून बुजवली गेली. ज्या मरीन ड्राइव्हचे आपण सारे कौतुक करतो, तोही भरावावरच आहे. म्हणून ‘समुद्राला हात लावू नका’ एवढेच म्हणून मी थांबणार नाही. भर घालून मिळालेल्या जमिनीवर कोणाचे पाय पडतात, हा माझा प्रश्न आहे. मरीन ड्राइव्हने त्याचे चांगले उत्तर दिले. तेथला कट्टा लांबच लांब आहे आणि त्यावर बसायला कोणी पैसे मागत नाही. परीक्षेत नापास झालेला मुलगा, लग्न ठरलेली जोडपी, चणे विकणारा भय्या आणि सकाळी फिरायला येणारे न्यायमूर्ती हे सारे तेथे शेजारी शेजारी बसू शकतात.

दुसऱ्या रविवारी गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ चढलो. बाणगंगेच्या पायऱ्यांवर थोडा वेळ टेकलो. समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर आहे, पण मलबार हिलवर तो पायी चालणाऱ्याला दिसतो तो दोन इमारतींच्या फटीतून. ब्रीच कँडीच्या बाजूला उतरल्यावर एका भुयारी वाटेने आम्ही नव्या किनारी रस्त्यालगतच्या विहारपथावर आलो. खरे सांगावयाचे तर तो पाहून मन प्रसन्न झाले. वारा भरपूर, पाणी समोर. सावली तेवढी विरळ. पण झाडे वाढायला वेळ लागतो. चांगल्याला चांगले म्हटलेच पाहिजे.

मात्र त्याच रस्त्याचा एक हिशेब मनातून जात नाही. जवळपास चौदा हजार कोटी रुपये खर्चाचा हा साडेदहा किलोमीटरांचा रस्ता. त्याचा पहिला टप्पा मोटारींसाठी उघडला मार्च २०२४ मध्ये. त्यालगतचा विहारपथ चालणाऱ्यांसाठी उघडला ऑगस्ट २०२५ मध्ये. चाकाला वाट मिळाल्यानंतर पायाला ती मिळायला सतरा महिने लागले. मुख्य रस्त्यावर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. त्याआधी २००९ साली झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही तसेच. पादचाऱ्यालाही तेथे जाता येत नाही. वेगाच्या रस्त्यावर माणसांनी चालू नये, हे मला समजते. अपघात कोणाला हवेत? पण रस्ता आखताना आधी मोटार आठवते आणि माणूस नंतर, या क्रमाला सुरक्षिततेचे कारण पुरत नाही.

वरळीच्या समुद्रकाठाने चालत संध्याकाळी आम्ही कोळीवाड्यात शिरलो. वाळत घातलेले बोंबील, ओढून ठेवलेल्या होड्या, आणि मागे सागरी सेतूच्या तारा. या कोळ्यांनी किनारी रस्त्याच्या वेळी एक साधी मागणी केली होती : पुलाच्या खांबांमधले अंतर साठ मीटरच ठेवले तर आमच्या होड्या जायच्या कशा? ते वाढवा. आधी त्यांचे कोणी ऐकले नाही. काम अडले, वाद झाला, आणि अखेर २०२२ च्या डिसेंबरात ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. ज्यांना भरती-ओहोटी पाठ आहे, त्यांना आधीच विचारले असते तर? दारात जाळे घेऊन बसलेल्या एका आजींना आम्ही सांगितले की आम्ही समुद्र बघत बघत चालत आलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “त्यात बघायचं काय? आमचा रोजचाच आहे.” मला थोडी लाज वाटली. आपण ज्याला देखावा म्हणतो, तो त्यांचा कामाचा रस्ता आहे, हे मोटारीच्या काचेतून मला कधी समजले नसते.

तिसऱ्या रविवारी आजोबाही आमच्याबरोबर निघाले. गुडघे दुखतात, तरी ऐकेनात. त्यांना भाऊचा धक्का पाहावयाचा होता. बसने आम्ही तेथे गेलो. रेवसला जाणाऱ्या लाँचसाठी माणसे खोळंबली होती, मासळीच्या टोपल्या उतरत होत्या. आजोबा बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “चला, इथून काठाकाठाने शिवडीपर्यंत जाऊ.”

काठाकाठाने जाता आले नाही. धक्का सोडला की एका बाजूला बंदराची भिंत, फाटके, गुदामे, उभे ट्रक. दुसऱ्या बाजूला धावती वाहने. भिंतीपलीकडे समुद्र आहे हे आम्हाला ठाऊक होते, पण दिसत मात्र नव्हता. पाऊण तासाने आजोबा एका चहाच्या टपरीवर बसले आणि म्हणाले, “मी आलो तेव्हाही भिंत होतीच. तेव्हा मी कामाच्या शोधात होतो, मला कशाला दिसते?” उरलेली वाट आम्ही बसने केली. शिवडीला चिखलाचे विस्तीर्ण पट्टे आणि तिवरे आहेत. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ते येथेच. वरून जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू पलीकडे जातो. त्या लांबलचक पुलावरून मला चालत जाऊ द्या, असा हट्ट मी धरणार नाही. पण मुंबईचा पूर्व किनारा, जेथे कोकणातून आलेल्या हजारो कुटुंबांचे पहिले पाऊल पडले, तो त्यांच्या नातवंडांना भिंतीच्या फटीतूनही दिसू नये, याचे वाईट वाटते.

यावर कोणी म्हणेल, की ट्राम मंद होती, वाहतुकीला अडथळा होती, म्हणून गेली; तिच्या आठवणी काढून काय होणार? आक्षेप रास्त आहे. आजोबाही सांगतात, घाई असली की ते ट्राम सोडून बस पकडत. ट्राम उद्या लालबागच्या रस्त्यावर परत आणा, असे मी म्हणत नाही. पण ट्रामबरोबर एक विचारही मोडीत निघाला. गिरणीतला बदली कामगारदेखील रविवारी समुद्रावर जाणार आहे आणि त्याला नेण्याची सोय शहराने करावयाची आहे, असा तो विचार. ट्राम चालवणारी बेस्ट १९४७ पासून महापालिकेची, म्हणजे आपली. तिचे किमान भाडे ९ मे २०२५ पासून पाचाचे दहा रुपये झाले. पहिली ट्राम धावली तीही तारीख ९ मेच! पाच रुपयांचा फरक किती, असे ज्यांना वाटते त्यांनी चार माणसांच्या कुटुंबाचे जाण्यायेण्याचे भाडे मांडून पाहावे. जेथे चाळीस रुपये लागत होते, तेथे ऐंशी लागतात. रविवार घरात काढण्याचा निर्णय अशाच हिशेबातून होतो.

म्हणून माझे म्हणणे तीन वाक्यांत सांगते. किनाऱ्यावर जो जो नवा रस्ता होईल, त्याची पायवाट त्याच दिवशी उघडली पाहिजे, सतरा महिन्यांनी नव्हे. प्रत्येक चौपाटीला, धक्क्याला आणि विहारपथाला साध्या भाड्याची, वेळेवर येणारी बस मिळाली पाहिजे; आणि पूर्वेकडील बंदराची जी जमीन कामातून मोकळी होईल, तेथे इमारतींचे आराखडे करण्याआधी पाण्याच्या कडेने सलग वाट राखली पाहिजे. त्या वाटेशेजारी ट्रामचा एखादा रूळ टाकता आला तर आजोबांच्या वयाच्या माणसांना टपरीवर बसावे लागणार नाही. आणि हे सारे करताना कोळीवाड्यांना प्रथम विचारले पाहिजे.

हे केवळ शासनाने किंवा महापालिकेने करावयाचे काम आहे, असे समजून आपण हात झटकू नयेत. आपल्यापैकी कितीजण मरीन ड्राइव्हपलीकडे किनाऱ्यावर गेले आहेत? जी वाट कोणी चालत नाही, ती बंद झाल्याचे कोणाला कळतही नाही. वार्षिक सहलीला आपण माथेरान-महाबळेश्वर करतो. एक वर्ष आपल्या प्राध्यापकांनी आम्हाला दहा रुपयांच्या तिकिटावर ससून डॉकपासून वरळी कोळीवाड्यापर्यंत न्यावे. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, सगळ्यांचे तास वाटेतच होतील.

पायधुणीतले पाणी गेले आणि नाव राहिले. दादरची ट्राम गेली आणि ‘टी. टी.’ राहिले. उद्या आमच्या नातवंडांनी ‘बंदर’, ‘धक्का’, ‘चौपाटी’ या शब्दांचे अर्थ वर्गात एकमेकांना विचारावेत, अशी पाळी आपण येऊ देऊ नये. आजोबांचे गुडघे जरा बरे झाले की आम्ही पुन्हा निघणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी सहा वाजता दादर टी. टी.च्या बसथांब्यावर यावे.

— द्वितीय वर्ष, कला