सहस्राक्ष आणि शिळा : कोरियन गायिकांच्या परदेशी वाचनाविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणीचे क्षेत्र. जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून गेल्यावर तेथे गणेशाचे दर्शन होते आणि जवळच कुंड आहे. या क्षेत्राला गणेशपुराणातील कथेचा आधार दिला जातो. गौतमाचे रूप घेऊन इंद्राने अहल्येला फसविले, गौतमाच्या शापाने त्याच्या देहावर सहस्र लांच्छने उमटली, विदर्भातील कदंबनगरी येऊन त्याने गणेशाची आराधना केली आणि तीर्थस्नानाने तो शुद्ध झाला, अशी ही कथा. शापाच्या खुणांचे पुढे नेत्र झाले आणि इंद्राला ‘सहस्राक्ष’ हे गौरवाचे नाव लाभले. क्षेत्राविषयीच्या श्रद्धेला यत्किंचितही बाधा न आणता या कथेच्या रचनेकडे पाहिले, तर तिच्यातील एक विषमता नजरेतून सुटत नाही. ज्याने अपराध केला त्याला तीर्थ मिळाले आणि त्याच्या दंडाचेच डोळे झाले. जिची फसवणूक झाली ती मात्र शिळा झाली; तिच्या उद्धारासाठी दुसरी कथा आणि दुसऱ्याचे पाऊल लागले. पाहणाऱ्याला सहस्र डोळे आणि पाहिली जाणारी नि:शब्द, ही रचना पुराणापुरती राहिलेली नाही.

आजच्या लोकप्रिय संस्कृतीत तिचे सर्वांत ठळक उदाहरण शोधायचे झाल्यास ते दक्षिण कोरियाच्या पॉप गायिकांच्या परदेशातील स्वीकारात सापडते. मोबाइलच्या पडद्यावरून हे संगीत महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचले आहे. या गायिकांचे चाहते आहेत, टवाळखोर आहेत आणि कीव करणारेही आहेत. मराठी समीक्षेने मात्र त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले आहे. आणि जेव्हा ओझरते पाहिले जाते, तेव्हा ‘बाहुल्या’, ‘कारखान्यात घडविलेला माल’, ‘भांडवलशाहीचे बळी’ एवढ्या तीन शब्दांत प्रकरण निकाली काढले जाते. हे तिन्ही शब्द परस्परविरोधी वाटतात. एकात सौंदर्याचे कौतुक आहे, दुसऱ्यात तुच्छता, तिसऱ्यात करुणा. परंतु या तिन्हींचे गृहीतक एकच आहे : समोर जे गायिले-नाचिले जाते आहे त्याची कर्ती ती स्त्री नव्हे. समीक्षेचा अपराध नेमका येथे आहे.

‘बाहुली’ या शब्दाचा इतिहास पाहिला तर तो किती जुना आणि किती उसना आहे, हे ध्यानात येते. कोरियन युद्धाच्या काळात गायिका ली नान-यंग हिने आपल्या घरातील मुलींना इंग्रजी गाणी शिकविली. अमेरिकन लष्करी तळांवर गाऊन त्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. भाषा अवगत नसताना केवळ उच्चार कानांनी टिपून त्यांनी ही गाणी आत्मसात केली होती. ‘किम सिस्टर्स’ या नावाने १९५९ साली त्या लास व्हेगासला गेल्या, तेव्हा ज्या कार्यक्रमात त्यांना उभे करण्यात आले त्याचे नाव ‘चायना डॉल रेव्ह्यू’ असे होते. म्हणजे कोरियन स्त्रिया, चिनी नाव आणि बाहुलीची उपाधी! पुढे एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन-कार्यक्रमात त्या वीसहून अधिक वेळा आल्या, अनेक वाद्ये वाजवू लागल्या. तरीही त्या कोण आहेत हे ठरविण्याचा अधिकार त्या जाहिरातफलकाकडेच राहिला. एडवर्ड सैद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ज्या ज्ञानव्यवहाराची चिकित्सा केली, त्याचे रंगमंचीय रूप त्यापूर्वी दोन दशके या तीन तरुणींनी अनुभवले होते. आज मराठीत सहजपणे ‘कोरियन बाहुल्या’ असे म्हणणारा लेखक वसाहतवादाविरुद्ध कितीही त्वेषाने लिहीत असला, तरी त्याची शब्दकळा लास व्हेगासच्या त्या फलकावरून आलेली असते.

बाहुलीचे एक लक्षण असे की तिने बोलायचे नसते. बोललीच तर दुसऱ्याने लिहिलेले बोलायचे. ‘ट्वाइस’ या कोरियन गटातील त्झुयू ही तैवानची. एका कोरियन कार्यक्रमात तिच्या हाती तैवानचा ध्वज दिसला म्हणून चीनमध्ये गदारोळ झाला, आणि तैवानमधील १६ जानेवारी २०१६ च्या निवडणुकीच्या पूर्वसंध्येला या सोळा वर्षांच्या मुलीचा क्षमायाचनेचा चित्रफितरूप जबाब प्रसृत करण्यात आला. हातातील कागद पाहून ती वाचीत होती. संहिता, वक्ता आणि कर्तृत्व यांच्या संबंधांविषयी पदव्युत्तर वर्गांत जे पढविले जाते, त्यासाठी याहून दारुण उदाहरण क्वचितच मिळेल. दोन राष्ट्रवादांच्या आणि एका बाजारपेठेच्या दडपणाखाली लिहिली गेलेली संहिता एका अल्पवयीन मुलीच्या मुखातून आली, आणि तिचे उत्तरदायित्व मात्र एकट्या तिच्यावर पडले. हे केवळ परदेशी नजरेचेच दुखणे आहे असेही नाही. २०१८ साली ‘रेड व्हेल्व्हेट’ या गटातील आयरीन हिने चो नाम-जू यांची ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ ही स्त्रीवादी मानली गेलेली कादंबरी वाचल्याचे सांगितले, तेव्हा तिच्याच देशातील काही पुरुष चाहत्यांनी तिची छायाचित्रे जाळली. गायिकेने वाचक असणेही या नजरेला सहन झाले नाही.

आता आपल्याकडे वळावे. जून २०२० मध्ये ‘ब्लॅकपिंक’ या गटाच्या एका गाण्याच्या चित्रफितीत गणेशाची मूर्ती जमिनीवर शोभेच्या वस्तूसारखी ठेवलेली दिसली. भारतीय चाहत्यांनी आक्षेप घेतला आणि थोड्याच दिवसांत ती प्रतिमा चित्रफितीतून काढण्यात आली. चिंतामणीच्या क्षेत्री उभे राहून पाहिले तर हा आक्षेप रास्त होता, याविषयी संशय नाही. दुसऱ्याचे दैवत हे आपल्या नेपथ्याचे सामान नव्हे, हे तत्त्व त्या चाहत्यांनी ठामपणे मांडले. परंतु तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू पडते. दुसऱ्याचे दैवत जर नेपथ्य नसेल, तर दुसऱ्या देशातील स्त्रीचा चेहराही आपल्या कल्पनारंजनाचे नेपथ्य असू शकत नाही. या उत्तरार्धाची परीक्षा महाराष्ट्राच्या रस्त्यावर झाली आणि तिच्यात महाराष्ट्र अनुत्तीर्ण झाला. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस मुंबईतील खार भागात चित्रफितीचे थेट प्रक्षेपण करीत असलेल्या एका कोरियन तरुणीचा हात धरून ओढण्यात आले. दोघांना अटक झाली. पुढच्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये दुसऱ्या एका कोरियन चित्रफितकर्तीच्या खांद्यावर भर रस्त्यात हात टाकण्यात आला. तेथेही अटक झाली. या दोघी पॉप गायिका नव्हत्या, हे खरे. परंतु पडद्यावर पाहिलेला चेहरा आणि रस्त्यात भेटलेला चेहरा यांत भेद करण्याची गरज ज्या नजरेला वाटली नाही, ती नजर कोठे घडते हा प्रश्न केवळ पोलिसांचा नाही, तो समीक्षेचाही आहे. दोन्ही प्रसंगी प्रक्षेपण चालू होते, कॅमेरा तिच्या हाती होता, पाहण्याचे साधन तिचे होते; तरीही पाहिली जाणारी वस्तू तीच ठरली. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटाच्या संदर्भात मांडलेली पुरुषी नजरेची संकल्पना मराठीत पुष्कळदा उद्धृत होते. कॅमेरा स्त्रीच्या हाती आल्यानेही ती नजर मावळत नाही, हा धडा या दोन घटनांतून घ्यावयास हवा होता. तो घेतला गेला नाही, कारण ही बातमी आहे, साहित्य नव्हे, अशी सोयीस्कर विभागणी आपण करून ठेवली आहे.

येथे एक प्रबळ आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अडोर्नो आणि होर्कहायमर यांच्या संस्कृतिउद्योगाच्या सिद्धान्तावर पोसलेला समीक्षक म्हणेल की या गायिकांना कर्त्या मानणे हीच भाबडी समजूत आहे. वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण, आहारावर निर्बंध, एकतर्फी करार हे सारे वास्तव आहे. ते वास्तव नाकारण्याचे कारण नाही. कोरियाच्या व्यापारविषयक नियामक आयोगालाच २००९ साली नमुना करारपत्र काढून कराराची मुदत सात वर्षांपर्यंत मर्यादित करावी लागली. सुली आणि गू हारा या दोन गायिकांचे २०१९ सालचे मृत्यू आणि त्यांनी सोसलेली निंदा यांचाही विसर पडू नये. परंतु शोषण सिद्ध केल्याने कर्तृत्व असिद्ध होत नाही. गिरणी कामगाराचे शोषण होत होते म्हणून नारायण सुर्वे यांची कविता गिरणीचे उत्पादन आहे असे कोणी म्हणत नाही. दलित आत्मकथनांच्या बाबतीत जो न्याय मराठी समीक्षेने, दीर्घ झगड्यानंतर का होईना, मान्य केला, तो परकीय गायिकेला नाकारताना कोणता सौंदर्यशास्त्रीय निकष वापरला जातो, हे एकदा स्पष्ट झाले पाहिजे. करुणेचा सूर लावला म्हणजे निकष दिला असे होत नाही. कीव हीही एक नजरच असते, आणि तिलाही समोरची व्यक्ती शिळाच हवी असते.

प्रत्यक्ष कृती पाहिल्या तर चित्र निराळे दिसते. ‘जी-आयडल’ या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या गटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘न्यूड’ हे गीत प्रसिद्ध केले. त्याची गीतकार गटाचीच गायिका सोयॉन. शीर्षकाच्या इंग्रजी शब्दातील एक अक्षर तिने बदलले. हे शीर्षक पाहून जो प्रेक्षक चाळविला जाईल, त्यालाच उद्देशून हे गीत आहे. त्यात मेरिलिन मन्रो या अभिनेत्रीची आठवण आहे, आणि बिझे यांच्या १८७५ सालच्या ‘कार्मेन’ या संगीतिकेतील सुप्रसिद्ध सुरावट आहे. म्हणजे, ज्या दोन स्त्रीप्रतिमांवर पाश्चात्त्य पुरुषाच्या कामनेने आपले भाष्य दीर्घकाळ लिहिले, त्यांनाच हाताशी धरून कोरियन गायिका त्या भाष्याचा प्रतिवाद करते. उद्धरण, विडंबन, वाचकाच्या अपेक्षेचा भंग या साऱ्या युक्त्या उत्तर-आधुनिक संहितांच्या चर्चेत प्रशंसिल्या जातात. त्या येथे प्रत्यक्ष असताना ‘कारखान्याचा माल’ म्हणून त्यांकडे पाठ फिरविणे हे अज्ञान तरी आहे किंवा दंभ तरी. बार्त यांनी घोषित केलेल्या लेखकाच्या मृत्यूचे दाखले देणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, जिला लेखक म्हणून जन्मच घेऊ दिलेला नाही तिच्या मृत्यूची घोषणा हा सिद्धान्त नसून अन्याय आहे.

ही खोड परकीय गायिकांच्या बाबतीत नव्याने जडलेली नाही. तिचा सराव घरच्याच स्त्रियांवर झाला आहे. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. मग १९४८ साली दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि सुधारणेच्या अटींवर तमाशा परत आला. ‘सुधारणा’ करावयाची होती ती फडावर नाचणाऱ्या स्त्रीच्या देहबोलीची. तिला पाहणाऱ्याच्या नजरेसाठी कोणतीही समिती नेमली गेली नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, २००२ साली त्या विपन्नावस्थेत गेल्या, आणि पुढे त्यांच्याच नावे राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. शर्मिला रेगे यांनी १९९५ सालच्या आपल्या निबंधात लावणी कलावंतांच्या लैंगिकतेवर जात आणि सत्ता यांनी कसा ताबा मिळविला, हे दाखवून दिले. त्यानंतरही २००५ साली नृत्यबारवर बंदी घालताना शासनाने तीन वा अधिक तारांकित हॉटेलांना सूट दिली. म्हणजे नृत्य अश्लील की सभ्य हे नर्तिकेवरून नव्हे, पाहणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली. न्यायालयाला जो भेदभाव दिसला तो समीक्षेला आधी दिसावयास हवा होता.

विदर्भाच्या संदर्भात ही गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. येथील खडी गंमत आणि दंडार या प्रकारांत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करीत आले. या नाच्याच्या कलेविषयी, त्याच्या भाव-अभिनयाविषयी आपण आदराने लिहितो. पुरुषाने स्त्री ‘रचली’ हे आपल्याला तत्काळ उमगते. स्त्रीने स्वतःला रंगमंचावर रचले की मात्र आपल्याला रचना दिसत नाही, केवळ देह दिसतो. कोरियन गायिकेचा सफाईदार पदन्यास, बेतलेला चेहरा, अचूक हास्य यांना ‘कृत्रिम’ म्हणताना हाच दुटप्पीपणा कार्यरत असतो. कृत्रिमता हे कलेचे दूषण केव्हापासून झाले?

देशीयतेच्या नावाने आणखी एक शंका उपस्थित केली जाईल : आपल्या मातीतील लावणी उपेक्षित असताना सोलच्या गायिकांची काळजी कशाला? शंका वरकरणी रास्त आहे, परंतु तिच्यातील पर्याय खोटा आहे. जी समीक्षा लावणी गाणारीला केवळ आवाज आणि देह समजते, तीच कोरियन गायिकेला बाहुली समजते. दोन्ही उपेक्षा एकाच मुळातून आल्या आहेत. शिवाय देशीयता म्हणजे परक्या स्त्रीविषयी बेपर्वाईचा परवाना, असा अर्थ तिच्या कोणत्याही जबाबदार प्रवक्त्याला मान्य होणार नाही.

मागणी मोठी नाही. या गायिकांची थोरवी गावी, असे कोणी म्हणत नाही. त्यांतील पुष्कळ गीते सुमार आहेत आणि ती सुमार ठरविण्याचा हक्क समीक्षेला आहेच. पण सुमार ठरविण्यासाठीही आधी कृती वाचावी लागते, तिची कर्ती कोण हे विचारावे लागते, शब्द कोणाचे, चाल कोणाची, अट कोणाची हे तपासावे लागते. बाहुलीवर टीका होऊ शकत नाही. टीका कर्तीवरच होऊ शकते. म्हणून कठोर टीका हाही कर्तृत्वाचा स्वीकारच ठरतो, आणि सध्याची कौतुकमिश्रित कीव हा त्याचा नकार.

कळंबच्या कथेत इंद्राला सहस्र डोळे मिळाले ते गौरव म्हणून नव्हे, ते मुळात शापाचे व्रण होते, हे क्षेत्रमाहात्म्य सांगताना बहुधा विसरले जाते. ज्या समीक्षेला आपल्या सर्वदर्शी नजरेचा अभिमान आहे तिने हा उगम आठवावा. आणि अहल्येच्या बाजूने ती कथा कशी सांगितली गेली असती, हा प्रश्न एकदा तरी, कोरियन गायिकेच्या निमित्ताने का होईना, स्वतःला विचारावा.