आठवणीचं झाड देशी असावं

रक्षाविसर्जन नदीत न करता बांधावर खड्डा घ्यायचा, त्यात राख मिसळायची आणि वर आंब्याचं नाहीतर वडाचं रोप लावायचं, असं करणारी घरं आता गावोगावी दिसतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. पण ज्यांना बांध नाही की अंगण नाही, त्यांनी आठवणीचं झाड लावायचं कुठे? त्यांच्यासाठी दर तालुक्याला एक सार्वजनिक वृक्षवन हवं आणि ते देशी झाडांचंच हवं.

याची वाट बीडजवळच्या पालवणच्या माळावर दिसते. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ संस्थेने वन विभागाच्या साथीने तिथे देशी झाडं वाढवली. फेब्रुवारी 2020मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद मिळालं वडाला. शिंदे यांच्या या कामामागे त्यांची आई आहे. आईची बियांनी तुला करायची आणि त्या बिया रुजवायच्या, हा त्यांचा संकल्प होता.

देशीचा आग्रह कशासाठी? गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. दोन्ही भराभर वाढतात, पण इथल्या जिवांशी त्यांचं नातं जुनं नाही. उंबराच्या फळात शिरून परागीभवन करणारा इवलासा कीटक उंबरावाचून जगत नाही, आणि त्याच्यावाचून उंबराचं बी धरत नाही. पळस, पांगारा, काटेसावर ऐन पानगळीत फुलतात, तेव्हा पाखरांची पंगत तिथेच बसते.

ताम्हण हे राज्यफूल असल्याचं मुलं पाठ करतात, पण समोरचं झाड ओळखत नाहीत. म्हणून प्रत्येक झाडाशी पाटी असावी: गावातलं नाव, बहराचा महिना, उपयोग. बिब्ब्याच्या रसाने धोबी कपड्यांवर खुणा करत, मोहाची फुलं पहाटे वेचतात, हे मुलांनी तिथे वाचावं. आणि या माहितीखाली दिवंगत माणसाचं नाव. आजीला आठवायला आलेला नातू बहावा ओळखून घरी जाईल.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. त्या राया टिकल्या, कारण देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, ही गावाची श्रद्धा होती. आता तीच राखण माणसांच्या आठवणीने करावी. वडिलांच्या नावाच्या झाडावर कोणी सहजी कुऱ्हाड उचलत नाही.

मात्र रोप लावून फोटो काढला की काम संपत नाही. पहिले तीन उन्हाळे पाणी, शेळ्यांपासून कुंपण आणि वणव्याआधी जाळरेषा, एवढं झालं तरच झाड जगतं. त्यामुळे नाव देणाऱ्या कुटुंबाने या तीन वर्षांची जबाबदारीही घ्यावी.

पितृपक्षात अजून जमिनीत ओल असते. यंदा श्राद्धाच्या खर्चातला थोडा वाटा बाजूला काढा, शेजारच्या चार घरांना सोबत घ्या आणि ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे या वनासाठी जागा मागा.