शरीराची चौकशी कशासाठी?

‘पूर्वीचे तुम्ही कोण?’ हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतलेल्या समाजाला आणि त्यानंतर त्या मार्गाने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला, ‘बौद्ध’ एवढे उत्तर दिल्यावरही तो पुन्हा विचारला जातो. विचारणाऱ्यास धम्माशी काही कर्तव्य नसते. त्याला जुनी जात उकरून काढावयाची असते.

तोच अनुभव पारलिंगी स्त्री-पुरुषांच्या वाट्यास येतो, आणि तोही चारचौघांसमोर, मुलाखतीत! जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर केटी कुरिक यांनी कार्मेन कॅरेरा यांना त्यांच्या गुप्तांगांविषयी प्रश्न केला. ती बाब खाजगी आहे, असे कॅरेरा यांनी सांगितले. पुढे तोच विषय अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्स यांच्यापुढे निघाला, तेव्हा त्यांनी चर्चेचा रोखच बदलला. लोकांचे लक्ष शस्त्रक्रियेवर खिळले की पारलिंगी माणूस ही केवळ एक वस्तू होते, आणि त्याच्या वाट्याची हिंसा, बेकारी व भेदभाव यांविषयी कोणी बोलतच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कुरिकबाईंनी नंतर आपली चूक मान्य केली, हे त्यांस भूषणावह आहे.

विचारल्यावाचून अज्ञान कसे फिटणार, असे कोणी म्हणेल. प्रश्नास आमची ना नाही. तथागतांच्या संघातही उपसंपदेपूर्वी प्रश्न विचारले जात. परंतु भिक्षूंनी शरीरासंबंधी विचारताच स्त्रिया लज्जित होत व त्यांना उत्तर देता येत नसे, म्हणून ते प्रश्न प्रथम भिक्षुणीसंघात विचारण्याची अनुज्ञा झाली, अशी चुल्लवग्गात नोंद आहे. (त्याच विनयात पंडकांना उपसंपदा नाकारली आहे, हेही आम्ही लपवीत नाही, त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी.)

१५ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरविले. ज्या चौकशीची गरज न्यायासनास भासली नाही, ती बातमीदाराने किंवा सभेच्या अध्यक्षाने करावी कशासाठी?

आपल्या विहारात अशी पाहुणी आली तर तिला आजचे नाव विचारावे व त्याच नावाने संबोधावे. शिक्षण, नोकरी, भाड्याची खोली, पोलिसांची वागणूक यांविषयी अवश्य विचारावे. जुने नाव, शरीर व औषधोपचार हे विषय तिने स्वतः काढले तरच बोलावे. मुलाखत छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवावी, आणि एखादा मजकूर वगळा म्हणाली तर कारण न विचारता वगळावा.