भिंतीवरची गिटार

आलापल्ली हे नाव उच्चारले की प्रथम आठवते ते सागवान. अहेरी तालुक्यातील या गावाची कीर्ती भोवतालच्या अरण्याने दूरवर नेली. जवळचे ‘वनवैभव’ हे 6 हेक्टरांचे जुने वन 2014 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. अशा गावातील एखाद्या व्यापारी कुटुंबात गिटार येते ती बहुधा कुरिअरने. मुलीने मोबाइलवर कोणाचे तरी वादन पाहिलेले असते, परीक्षेत चांगले गुण मिळवलेले असतात आणि वडिलांनी दिलेला शब्द पाळलेला असतो. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात बोटे दुखू लागतात, तिसऱ्यात तारा बेसूर वाटतात आणि दोन महिन्यांनी ते वाद्य खिळ्याला टांगलेले दिसते. घरातील वडीलधारे मग पेढीच्या भाषेत एकच वाक्य बोलतात, “माल पडून आहे.”

या पडून राहिलेल्या मालाचा दोष सहसा मुलीच्या माथी मारला जातो. धीर नाही, चिकाटी नाही, असा निवाडा होतो आणि तो मुलीच्या मनात पुढील अनेक वर्षे राहतो. वस्तुतः बहुतेक वेळा सुरुवातच चुकलेली असते. वाद्य चुकते, बैठक चुकते आणि सर्वांत अधिक म्हणजे अपेक्षा चुकते. या तीन गोष्टी आरंभीच नीट केल्या, तर क्लासिकल गिटार हे दूरच्या गावातील घरालाही सहज पेलणारे वाद्य आहे.

कोणती गिटार?

गिटार या एका नावाखाली निरनिराळी वाद्ये विकली जातात. चित्रपटगीतांच्या साथीला जी वाजते ती पोलादी तारांची. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी सरकवून वाजवतात ती हवाईयन पद्धतीची. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले आणि 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतून ती घरोघरी पोहोचवली. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहन वीणाही त्याच कुळातील. क्लासिकल गिटार याहून वेगळी. तिचे माहेर स्पेन. तिच्या तारा नायलॉनच्या, मान रुंद, आणि वादन केवळ बोटांनी. अंगठा खालच्या सुरांचा आधार धरतो आणि उरलेली बोटे त्यावर चाल गुंफतात. एकच माणूस गातो आणि स्वतःची साथही स्वतःच करतो, असे हे वाद्य.

खरेदी करताना हा फरक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण 40 किलो असतो, तर पोलादी तारांचा 70 किलोच्या वर जातो. पोलादी तारांवर कोवळी बोटे लवकर हार मानतात. उलट, क्लासिकल गिटारला पोलादी तारा चढवल्या तर तिची घोडी उखडते आणि वाद्य कायमचे जाते. तारेची पूर्ण लांबी 650 मिलिमीटर असते. दहा वर्षांच्या आतबाहेरील मुलांसाठी पाऊण आकाराची आणि त्याहून लहानांसाठी अर्ध्या आकाराची गिटार मिळते. मोठी घेतली तर पुढे उपयोगी पडेल, हा कपड्यांचा हिशेब येथे लागू होत नाही. शक्य असल्यास नागपूरला मालखरेदीस जाताना मुलीला सोबत न्यावे आणि वाद्य तिच्या मांडीवर ठेवून पाहावे.

किंमत किती मोजावी, हा व्यापारी घरातील पहिला प्रश्न. त्याचे उत्तर एका दुकानदाराच्याच चरित्रात सापडते. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार घडवणारा आंतोनियो दे तोरेस (1817–1892) हा मूळचा सुतार. सेव्हिल शहरातील कारखाना बंद करून 1870 च्या सुमारास तो आपल्या मुलखात, अल्मेरियाला परतला आणि पत्नीसह चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान चालवू लागला. काही वर्षांनी दुकान सांभाळूनच त्याने पुन्हा गिटारी घडवण्यास आरंभ केला. वाद्याचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी 1862 साली त्याने एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या आणि फळी तेवढी उत्तम लाकडाची होती. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

नवशिक्यासाठी यातील बोध सरळ आहे. वरची फळी शक्यतो अखंड लाकडाची असावी; पाठ आणि बाजू प्लायवूडच्या असल्या तरी चालतात. महाग गिटारींची पाठ बहुधा शिसवीची असते, आणि त्यातील पुष्कळ शिसव भारतीय असते. ब्राझीलमधील शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 साली जवळजवळ संपूर्ण बंदी आली, इतकी त्या झाडांची तोड झाली होती. अरण्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या घराने पहिल्या वाद्यासाठी शिसवीचा आग्रह धरू नये, यात काटकसरही आहे आणि विवेकही.

तारा कशाच्या?

जैन घरात आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. या वाद्यात प्राणिज काय आहे? शतकानुशतके गिटारच्या वरच्या तीन तारा मेंढ्यांच्या आतड्यापासून केलेल्या तातीच्या असत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी तात राखून ठेवावी लागली आणि वाद्यांसाठी तिचा तुटवडा पडला. त्या 1940 च्या दशकात न्यूयॉर्कचे कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनी विख्यात वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा तयार केल्या. त्या अधिक टिकल्या, सुरात अधिक राहिल्या आणि काही वर्षांतच सर्वमान्य झाल्या. अडचणीतून निघालेल्या या वाटेने एका हिंसेचेही निवारण झाले.

तरीही चौकशी करावी. तारा जिच्यावर टेकतात ती घोडीवरची पट्टी आणि मानेच्या टोकाची पट्टी भारी वाद्यांत अनेकदा हाडाची असते. साध्या वाद्यांत ती प्लास्टिकची असते. हाताने घडवलेल्या काही गिटारींना लाखेचे पॉलिश असते आणि सांधे सरसाने जोडलेले असतात. कारखान्यातील गिटारींवर बहुतेक कृत्रिम रोगण आणि कृत्रिम गोंदच वापरला जातो. म्हणजे साधी, विद्यार्थ्यांसाठीची गिटार अहिंसेच्या दृष्टीने पुष्कळदा अधिक निर्दोष ठरते. दुकानदाराला हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. हाडाची पट्टी काढून कृत्रिम बसवणे हे थोड्या वेळाचे काम आहे.

बैठक आणि बोटे

पलंगावर लोळून किंवा सोफ्यात रुतून ही गिटार वाजत नाही. बिनहाताची, ताठ खुर्ची घ्यावी. डाव्या पायाखाली वीतभराहून कमी उंचीचा पाट किंवा चौरंग ठेवावा, गिटारच्या कमरेचा खोलगट भाग डाव्या मांडीवर टेकवावा आणि मान डावीकडे किंचित वर जाऊ द्यावी. पाठ सरळ, खांदे सैल. वाद्य हाताने पेलावे लागत असेल तर बैठक चुकली, असे समजावे.

उजव्या हाताच्या चार बोटांना स्पॅनिश नावांवरून प, इ, म, अ अशी अक्षरे आहेत: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका. करंगळीला सहसा काम नसते. पहिले दोन आठवडे डाव्या हाताला विश्रांती द्यावी. अंगठ्याने खालच्या सुरांच्या तीन तारा, आणि तर्जनी व मध्यमा आळीपाळीने चालवून वरच्या तीन तारा, एवढेच करावे. चालताना जसा एकामागून दुसरा पाय पडतो, तशी ही दोन बोटे पडावीत. एकच बोट सलग दोनदा वापरू नये. पुढील बहुतेक वादन या एका सवयीवर उभे राहते.

मग डावा हात. त्याची नखे अगदी बारीक कापावीत. बोट पडद्यावर न ठेवता पडद्याच्या किंचित अलीकडे, टोकाने दाबावे. अंगठा मानेच्या मागे सहज टेकलेला असावा. सूर खरखरला तर अधिक जोर लावण्याऐवजी बोटाची जागा तपासावी. बोटांची टोके हुळहुळणे हे स्वाभाविक आहे, काही दिवसांत ती निबर होतात. परंतु मनगट दुखू लागले तर वाद्य तत्काळ खाली ठेवावे.

नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जात राहतात आणि घडोघडी उतरतात. वाद्य खराब निघाले, असे अनेकांना याच काळात वाटते. रोज बसताना मोबाइलवरील ट्यूनरने सहाही तारा मिळवाव्यात. या कामात गेलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत, कारण कान त्याच वेळी तयार होत असतो.

उजव्या हाताच्या नखांविषयी मात्र एकच उत्तर नाही. पोती हलवणाऱ्या, सुतळ्या सोडणाऱ्या हाताला नखे वाढवणे कठीण. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये फर्नांदो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो हे दोन थोर स्पॅनिश वादक होते. सोर नखांविना, बोटांच्या मांसल टोकांनी वाजवत, आग्वादो नखांनी. दोघांनी आपापली रीत सोडली नाही आणि मैत्रीही सोडली नाही. दोघांनी मिळून वाजवण्यासाठी सोर यांनी एक युगलरचना लिहिली आणि तिचे नाव ठेवले ‘दोन मित्र’. अनेकान्ताचे संस्कार असलेल्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. आरंभ नखांविना करावा. पुढचे पुढे ठरवता येते.

वेळ आणि शिक्षक

अपेक्षेची चूक बहुतेक वेळा येथे होते. महिन्याभरात गाणे वाजले पाहिजे, असे घर धरून चालते आणि रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई करू पाहते. बोटांना उधारी कळत नाही. रोज वीस मिनिटे रविवारच्या दोन तासांहून अधिक फळ देतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची रीत असलेल्या घरात सायंकाळ मुलांना लाभतेच. सामायिकात 48 मिनिटे एका आसनावर स्थिर बसणारी आजी ज्या घरात आहे, तेथे वीस मिनिटांच्या बैठकीचे मोल समजावून द्यावे लागत नाही. वीज गेली तरी या वाद्याचे काही अडत नाही, आणि त्याचा आवाज इतका सौम्य की शेजारच्या खोलीतील हिशेब विस्कटत नाहीत.

गावात शिक्षक नसेल तर महिन्यातून एकदा तरी जाणकाराने हात पाहावेत, अशी सोय शोधावी. मोठ्या शहरात खरेदीसाठी होणाऱ्या फेरीस हे काम जोडता येते. मधल्या दिवसांत इंटरनेटवरील धडे चालतील. परंतु एकाच शिक्षकाची एकच मालिका धरावी. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा भारतातही होतात. क्लासिकल गिटारसाठी प्रारंभिक पातळी आणि त्यापुढे आठ श्रेणी आहेत. परीक्षा दिली नाही तरी तिचा अभ्यासक्रम क्रमाचे भान देतो. सोर यांची 60 व्या क्रमांकाची कृती म्हणजे नवशिक्यांसाठीचे 25 धडे. त्यांतील आरंभीचे धडे एका वेळी एकच सूर वाजवण्याचे आहेत. मात्तेओ कारकासी यांच्या 25 अभ्यासरचनांनाही योगायोगाने 60 हाच क्रमांक आहे, त्या नंतरच्या. दोन्ही ग्रंथ जुने असल्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. सोबत घरातील ओळखीच्या स्तवनाची चाल एका तारेवर शोधू द्यावी. ज्या दिवशी ती सापडते, त्या दिवशी वाद्य आपले वाटू लागते.

ऋतूंची काळजी

चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना लाकूड तडकवणारा आणि जुलै महिना ते फुगवणारा. म्हणूनच गिटारची जागा भिंत नव्हे. पत्र्याच्या छपराखाली, खिडकीच्या उन्हात किंवा बंद मोटारीत ती ठेवू नये, गोंद सुटतो. वाजवून झाल्यावर पेटीत ठेवावी. उन्हाळ्यात छिद्रे पाडलेल्या साबणदाणीत, घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती पेटीत ठेवावी. पावसाळ्यात तिच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. सागाच्या मुलखातील माणसाला लाकडाचा स्वभाव नव्याने शिकावा लागत नाही; फक्त वाद्य हेही लाकूडच आहे, याची आठवण ठेवावी लागते.

ज्या घरात आज गिटार टांगलेली आहे, तेथे नवी खरेदी बहुधा नकोच. ती उतरवावी, धूळ पुसावी, तारा नायलॉनच्या आहेत का ते पाहावे आणि जुन्या झाल्या असल्यास बदलाव्यात. एक ताठ खुर्ची, एक पाट आणि वीस मिनिटे एवढे भांडवल पुरते. आणि मुलगी पहिल्या दिवशी दोनच तारा आळीपाळीने वाजवत बसली, तर घरातील कोणीही ‘गाणे कधी वाजणार?’ असे विचारू नये. जमल्यास वडिलांनी गल्ल्यावरून उठून पाच मिनिटे शेजारी बसावे आणि नुसते ऐकावे.