मनोराज्य आणि संकल्प

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या पुण्यातील अभ्यासिकांत टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या दिसतात. चिठ्ठीवर स्वतःचे नाव आणि त्याखाली 'उपजिल्हाधिकारी' असे पद. यशाचे चित्र रोज डोळ्यांसमोर आणा म्हणजे ते प्रत्यक्षात उतरेल, हा उपदेश आज व्याख्यानमालांपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऱ्होंडा बर्न यांच्या 'द सीक्रेट' या पुस्तकाने तर उत्कट इच्छा केली की प्राप्ती आपोआप होते, हा समज जगभर पोहोचवला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी अलीकडच्या वर्षांत सुमारे १० लाख अर्ज येतात आणि निवड होते ती सुमारे १,००० जणांची. उमेदीची वर्षे आणि आई-वडिलांची पुंजी ज्या वाटेवर खर्ची पडते, त्या वाटेवरचा हा उपदेश पारखून घेणे अगत्याचे आहे.

स्वप्न पाहू नये, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे तो स्वप्नात काय पाहावे हा. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फॅम आणि टेलर या संशोधकांनी केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या काही दिवस आधी काही विद्यार्थ्यांना उत्तम गुण मिळाल्याचे चित्र रोज मनात पाहण्यास सांगितले; इतर काहींना आपण अभ्यासाला कसे व कोठे बसलो आहोत, याचे. अभ्यासाचे चित्र पाहणारे लवकर कामाला लागले आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी डोरिस मायर यांच्यासह २००२ मध्ये मांडलेले निष्कर्ष याहून बोलके आहेत. नोकरी मिळाल्याच्या सुखद कल्पनेत वारंवार रमणाऱ्या पदवीधरांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी चालून आल्या आणि वेतनही कमी मिळाले. आपल्याला यश मिळेल, असा विश्वास बाळगणाऱ्यांची स्थिती मात्र चांगली राहिली. याचा अर्थ, विश्वास आणि रंजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनातले मांडे खाऊन पोट भरत नाही हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्याने भूक मरते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही.

मग कल्पनाशक्तीचा उपयोगच नाही काय? निश्चितच आहे. अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी संपूर्ण शर्यत मनात पोहण्याची सवय लावली होती. त्यात विजय होता, तशीच ऐनवेळची विघ्नेही होती. १३ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीच्या अंतिम फेरीत त्याच्या चष्म्यात पाणी शिरले आणि अखेरच्या टप्प्यात त्याला काही दिसेना. तो गांगरला नाही. हातांचे फटकारे मोजत त्याने भिंत गाठली, ती १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. डोळ्यांना न दिसणारी वाट त्याच्या मनाला पाठ होती.

आपल्या परंपरेत या गोष्टीला नेमका शब्द आहे, तो म्हणजे संकल्प. घरातील पूजेच्या आरंभी पळीभर पाणी सोडून संकल्प केला जातो, तेव्हा त्यात इच्छित फळाचा उच्चार असतोच. पण त्यासोबत स्थळ, काळ, तिथी आणि कर्त्याचे नाव-गोत्रही सांगावे लागते. वाक्य संपते ते 'करिष्ये' या क्रियापदावर. म्हणजे, मी हे कर्म करीन. फळाचे चित्र कर्त्याच्या प्रतिज्ञेला बांधले गेले की मनोराज्याचा संकल्प होतो.

अभ्यासिकेतील चिठ्ठीला हाच निकष लावावा. पदाच्या नावाखाली आज किती वाजता बसणार, कोणता विषय कच्चा आहे, मन कोठे भरकटते आणि तसे झाल्यास काय करणार, हेही लिहावे. अडथळे डोळ्यांसमोर ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. अडथळा आपल्या आवाक्याबाहेरचा असेल, तर तेही वेळीच उमगते आणि दुसरी वाट धरता येते. सत्काराच्या कल्पनेत गुंगलेल्या तरुणाला हे भान येईपर्यंत तिशी उलटलेली असते.

येथे पालकांचीही जबाबदारी मोठी आहे. 'आमचा मुलगा साहेब होणार' असे चारचौघांत सांगत राहिल्याने मुलाच्या पाठीवर ओझे तेवढे वाढते. त्यापेक्षा दिवस कसा गेला, काय अडले, ही विचारपूस त्याला अधिक बळ देईल. पहिल्या प्रयत्नापूर्वीच घरात शांतपणे बसून किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतरची वाट कोणती, हे ठरवावे. असा विचार म्हणजे अपशकुन नव्हे. प्रवासाला निघताना शिदोरी बांधण्याइतकाच तो स्वाभाविक आहे.