संकेतस्थळाची किल्ली कोणाकडे?

आम्हा सात डॉक्टरांची मिळून एक छोटी कंपनी आहे आणि तिच्यातर्फे आमचे बालरुग्णालय चालते. या कंपनीच्या संकेतस्थळावरून गेले वर्षभर संचालकांच्या बैठकांत वाद चालू आहे. २००९ साली एका प्रोग्रॅमरकडून पीएचपीमध्ये लिहून घेतलेले हे संकेतस्थळ आहे तसेच चालवावे, की माउसने मजकूर व चित्रे ओढून पाने रचता येतात अशा व्हिज्युअल बिल्डरवर न्यावे, हा तो वाद. बडोद्यातील अनेक व्यवसायबंधूंपुढे आज हाच प्रश्न उभा आहे, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने माझे मत मांडतो. ते असे, की न्यावे. मात्र सगळे नेऊ नये.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने संकेतस्थळावरचे सर्वांत महत्त्वाचे पान लसीकरणाच्या वेळापत्रकाचे. आणि हे वेळापत्रक स्थिर नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात पोलिओची इंजेक्शनद्वारे द्यायची लस आली. २५ एप्रिल २०१६ रोजी तोंडावाटे द्यायची त्रिगुणी लस जाऊन द्विगुणी आली. २०१७ पासून गोवर-रुबेला आली. जानेवारी २०२३ पासून पोलिओच्या इंजेक्शनची तिसरी अंशमात्रा नवव्या महिन्यात देण्यास प्रारंभ झाला. हा शेवटचा बदल आमच्या पानावर चढायला साडेचार महिने लागले. मूळ प्रोग्रॅमर कधीच परदेशी गेलेला. ज्या संस्थेकडे देखभाल होती तिला तीन स्मरणपत्रे गेली. शेवटी एका ओळीच्या दुरुस्तीचे बिल आले ते ‘कोड समजून घेण्याच्या’ तासांसकट. या साडेचार महिन्यांत पादरा-वाघोडियाकडची जी आई मोबाइलवर ते पान वाचून बाळाला घेऊन आली नसेल, तिची नोंद कोणत्याही वहीत सापडणार नाही. परिचारिकेला जे पाच मिनिटांत टंकता आले असते, ते तिच्या हाती नव्हते, एवढेच याचे कारण.

दुसरे कारण तांत्रिक, पण टाळता न येणारे. आमच्या जुन्या कोडमध्ये डेटाबेसशी बोलण्याची जी पद्धत वापरली आहे, ती पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरातच, काढून टाकण्यात आली. पाचव्या मालिकेतील अखेरच्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्याही २०१८ अखेर थांबल्या. म्हणजे आमचे संकेतस्थळ चालू आहे ते केवळ सर्व्हरवाला जुनी आवृत्ती ठेवू देतो म्हणून. मुदत उलटलेली लस रंगाने ताजी दिसते म्हणून आपण टोचतो काय?

यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, सोनारानेच कान टोचावेत. मान्य. पण एकदा टोचून झाल्यावर कानातले बदलायला दर खेपेस सोनाराकडे कोण जातो?

तथापि बिल्डरच्या बाजूने जे उत्साहाने बोलतात त्यांनाही दोन गोष्टी ऐकवणे भाग आहे. पहिली, सगळे बिल्डर एका माळेचे मणी नाहीत. विक्ससारख्या सेवेत पान रचणे अत्यंत सोपे, पण रचलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही. घर भाड्याचे ते भाड्याचेच. वेबफ्लोमधून पानांचा कोड बाहेर काढता येतो, पण त्याबरोबर तिथले फॉर्म चालत नाहीत. वर्डप्रेस ही २००३ पासूनची मुक्त प्रणाली. तीवर २०१६ साली आलेले एलिमेंटर किंवा २०१८ च्या अखेरीपासून तिच्यातच अंतर्भूत असलेले ठोकळ्यांचे संपादन वापरले, तर निदान सर्व्हर आपल्या पसंतीचा राहतो. मात्र एलिमेंटर पानाची रचना स्वतःच्या पद्धतीने साठवतो. उद्या तो काढला तर मजकूर उरतो, मांडणी विस्कटते. शिवाय बिल्डर बंदही पडतात. अडोबीच्या म्यूजने कोडची एक ओळ न लिहिता देखणी संकेतस्थळे करून दिली आणि मार्च २०२० मध्ये त्याचा आधार संपला. म्हणून माझा कौल वर्डप्रेसला व त्याच्या अंगच्या ठोकळ्यांना. वर आणखी बिल्डर चढवायचा मोह टाळावा.

दुसरी गोष्ट, बिल्डर आला म्हणजे देखभाल संपली असे नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये एलिमेंटरमध्येच एक गंभीर सुरक्षा-दोष सापडला होता. दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांनी आपल्या संकेतस्थळावर ती चढवली त्यांनाच तिचा उपयोग. हे काम दरमहा ठराविक तारखेला कोण करणार, त्याचे नाव फलकावर हवे. लसींच्या शीतपेटीच्या तापमानाची नोंद ठेवतो, तशीच ही.

आता काय नेऊ नये ते सांगतो. आमच्या संकेतस्थळावर जन्मतारीख घातली की पुढच्या लसींच्या तारखा देणारी एक छोटी आज्ञावली आहे. दिसायला साधी, पण तिच्या पोटात नियम आहेत: दोन मात्रांत किमान चार आठवडे, रोटाव्हायरसची पहिली मात्रा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकानुसार पंधरा आठवड्यांच्या आत, तर राष्ट्रीय कार्यक्रमात एक वर्षापर्यंत. असले गणित कुठल्याशा तयार प्लगइनच्या हवाली करणे मला धोक्याचे वाटते. ती आज्ञावली नव्या पीएचपीत पुन्हा लिहून घ्यावी, तिला पैसे मोजावेत, आणि तिचे नियम कोडबाहेर साध्या तक्त्यात ठेवावेत, म्हणजे आम्ही डॉक्टर ते तपासू शकू.

तसेच रुग्णांची माहिती. बिल्डरमधील फॉर्म चुटकीसरशी तयार होतो आणि बाळाचे नाव, आजार, फोन क्रमांक कोणत्या देशातील सर्व्हरवर जाऊन पडतात याचा पत्ता लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे व त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आरोग्यसेवेला काही सवलती आहेत, पण त्या बेफिकिरीसाठी नव्हेत. फॉर्मवर नाव आणि फोन, एवढेच पुरे.

भाषेचा मुद्दा आपल्या मंडळींनी विशेष लक्षात घ्यावा. आमची मराठी पाने जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. ती बदलताना रूपांतर करणारी साधने रफार आणि जोडाक्षरे बिघडवतात. मात्रेचे आकडे तर प्रत्येक ओळीला डोळ्यांनीच तपासायला हवेत. तयार टेम्प्लेटमध्ये अक्षरांतले अंतर इंग्रजीच्या हिशेबाने वाढवलेले असते. त्याने आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. गुजरातीला शिरोरेषाच नाही, त्यामुळे तिथे हा दोष दिसत नाही आणि रचनाकार म्हणतो, सगळे ठीक आहे. तेव्हा मराठी पाने मराठी वाचणाऱ्यानेच पाहावीत. दांडिया बाजारातल्या आजीला चष्म्याशिवाय ती वाचता आली पाहिजेत.

खर्चाबद्दल फारसे लिहीत नाही. बिल्डर स्वस्त पडतो हे पहिल्या वर्षापुरते खरे. पुढे वार्षिक वर्गण्या लागतात. बचतीसाठी हा बदल करू नये. डोमेनची नोंदणी मात्र कोणाच्या नावावर आहे हे प्रत्येकाने आजच पाहावे. ती कंपनीच्याच नावावर हवी, देखभाल करणाऱ्याच्या नव्हे.

राहता राहिली आमच्या लसीकरण कार्डांची गोष्ट. २०१९ पासून त्यांवर क्यूआर कोड छापलेला आहे आणि तो जुन्या पत्त्यावर नेतो. नवे संकेतस्थळ आले की पानांचे पत्ते बदलतील. कार्ड काही वर्षभरात टाकून दिले जात नाही. ते घरच्या कपाटात रेशनकार्डाशेजारी राहते आणि दहा-बारा वर्षांच्या लसींपर्यंत काढले जाते. तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे कायमची वळण-सूचना ठेवावी, ही अट मी करारात पहिल्या क्रमांकावर घालण्यास सुचवले आहे. २०१९ साली कार्ड मिळालेली बाळे आता शाळेत जातात. तो पत्ता निदान २०३१ पर्यंत चालला पाहिजे.